छाटणीच्या हंगामात ट्रॅक्टर किती वेळा धुवायचा? आधी ब्लोअर धुवा, तोही त्याच संध्याकाळी

खंडेनवमीला नाशिक जिल्ह्यातला झाडून सगळा ट्रॅक्टर धुऊन निघतो. शाम्पू, झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. त्याच सुमारास निफाड, दिंडोरी, चांदवडकडच्या द्राक्षबागांत गोड्या छाटणीची (फळासाठीच्या छाटणीची) घाई असते आणि थोड्याच दिवसांत त्याच ट्रॅक्टरमागे ब्लोअर (पंख्याच्या हवेनं औषध उडवणारं फवारणी यंत्र) लागून डाऊनीवरची (केवड्यावरची, म्हणजे पान आणि घड खाणाऱ्या बुरशीवरची) फवारणी सुरू होते. मग मात्र धुण्याची आठवण कुणाला राहत नाही. असे इतके प्लॉट हातचे गेलेले पाहिलेत की "ट्रॅक्टर किती दिवसांनी धुवावा?" असं कुणी विचारलं, की मी उलट विचारतो: काल फवारणी संपल्यावर ब्लोअर धुतला का?

काही हंगामांपूर्वी निफाड तालुक्यातल्या वाय आकाराच्या मांडवावरच्या एका थॉमसन द्राक्षाच्या बागेत गेलो होतो. घड फुलोऱ्याच्या तोंडावर. एक ओळ स्वच्छ, शेजारच्या ओळीतले घड तपकिरी पडून वाळत चाललेले, त्यापुढची ओळ पुन्हा स्वच्छ. एक आड एक, पार बांधापर्यंत. दुकानदारानं "औषधाला रेझिस्टन्स आलाय" (बुरशी औषधाला दाद देत नाही) असं सांगून आधीपेक्षा महागडं आंतरप्रवाही (वेलीच्या आत भिनणारं) औषध गळ्यात मारलं होतं, तेही मारून झालं होतं. पण बुरशी ओळी मोजून बसत नाही. ब्लोअर सुरू करायला लावला आणि मागे उभा राहिलो. डाव्या बाजूच्या मधल्या दोन नोझलमधून फवारा सुटतच नव्हता, नुसती बारीक धार. तिसऱ्यातून थेंब गळत होते. एका पट्ट्यातून जायचं आणि शेजारच्या पट्ट्यातून परत यायचं, असं चालवलं की ब्लोअरची डावी बाजू त्याच त्या ओळींना दोन्हीकडून लागते. म्हणून नुकसान एक आड एक ओळीत. नोझल उघडलं तर आत पिवळसर हिरवट गाळ, मँकोझेब या बुरशीनाशकाचा, वाळून खडूसारखा घट्ट झालेला. चाळणीतही तोच, त्यात पानाचे तुकडे अडकलेले. शेवटचं कधी धुतलं, हे ड्रायव्हरला सांगता आलं नाही.

अशी बाग दिसली की औषध बदलण्याआधी नोझल बघा. डाऊनी एकाच बाजूला, एकाच उंचीवर किंवा एक आड एक ओळीत असेल तर दोष औषधाचा नसून ब्लोअरचा आहे, असं मी धरून चालतो. हे कुठल्या शिफारशीत लिहिलेलं नाही, पण फार कमी वेळा खोटं ठरलंय.

कारण साधं आहे. डाऊनी पानावर पाणी असेल तरच आत शिरतो. रात्री पाऊस झाला किंवा दाट दव पडलं, पान काही तास ओलं राहिलं आणि हवा थंड, दमट असली की रात्रीतून लागण होऊन जाते. पानावर तेलकट डाग आणि खाली पांढरी बुरशी दिसते ती नंतर, काही दिवसांनी. मँकोझेब, कॉपर ही स्पर्शजन्य औषधं. थेंब जिथं पडेल तिथंच राखण. मँकोझेब 75 टक्के लीटरला 2 ग्रॅम, हा डोस सगळ्यांना तोंडपाठ आहे. नोझल अर्धं बुजलेलं असेल तर त्या ओळीला त्यातलं किती पोचलं, याचा हिशोब कुणाकडेच नसतो. पोंगा (कोवळी फूट) फुटल्यापासून मणी सेट होईपर्यंतचे दिवस सगळ्यात नाजूक. या दिवसांत घडावर डाऊनी बसला की तो घड परत मिळत नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबर 2019 आठवा. परतीचा पाऊस हटायलाच तयार नव्हता, पाऊस थांबेल त्या दोन-चार तासांत जमेल तेवढं मारून घ्यायचं, अशी गत होती. त्या दिवसांत जो ब्लोअर पहिल्या सेल्फला सुरू होऊन सगळ्या नोझलमधून नीट फवारत होता, त्याची किंमत कळली. आभाळ भरून आल्यावर नोझल साफ करायला बसणं म्हणजे तो दिवस गेलाच.

संध्याकाळचं धुणं

हे त्याच दिवशी व्हायला हवं. रात्रभर टाकीत औषध राहिलं की मँकोझेब, गंधक, कॉपर तळाशी बसतं, पाइपात वाळतं आणि सकाळी पापुद्रे सुटून चाळणीत आणि नोझलमध्ये जातं. विहिरीचं पाणी क्षाराचं असेल तर थर आणखी लवकर चढतो.

उरलेलं औषध त्याच प्लॉटमध्ये संपवा. मग टाकीत पन्नास-साठ लीटर स्वच्छ पाणी घ्या, ढवळणी सुरू ठेवून पाच मिनिटं फिरू द्या आणि ते पाणी सगळी नोझल उघडी ठेवून त्याच बागेत मारून टाका. असं तीन वेळा. एकदाच भरपूर पाणी ओतण्यापेक्षा थोड्या पाण्यानं तीनदा धुतलेलं चांगलं निघतं. त्यानंतर मोठी चाळणी आणि नोझलमागच्या बारीक जाळ्या काढून बादलीत, जुन्या टूथब्रशनं. नोझलच्या भोकात तार किंवा सुई घालू नका, भोक मोठं झालं की थेंबाचा आकार बिघडला. तोंडानं तर अजिबात फुंकू नका. मी पाहतो तेव्हा निम्मे ड्रायव्हर नोझल तोंडाला लावतातच. हातमोजे घाला.

एवढ्याला फार तर अर्धा तास जातो. ड्रायव्हर दमलेला असतो, त्याला घरी जायचं असतं. अर्ध्या तासाचे पैसे वेगळे द्या किंवा स्वतः उभे राहा, पण हे काम मालकानं आपल्या डोळ्यांदेखत करून घ्यावं. भाऊबंदांत मिळून ब्लोअर असेल तर "पुढचा नेणारा धुईल" असं दोघंही म्हणतात आणि कुणीच धूत नाही. ज्यानं मारलं, त्यानंच धुवायचं.

पंधरा दिवसांतून एकदा प्रत्येक नोझलखाली मोजमापाचा मग धरून मिनिटभर पाणी घ्या. नव्या नोझलपेक्षा 10 टक्क्यांहून जास्त पाणी पडत असेल तर ते झिजलं, बदला. कमी पडत असेल तर बुजलंय.

बोर्डो मारत असाल तर आणखी घाई करा. 1 टक्का म्हणजे 100 लीटरला मोरचूद 1 किलो, कळीचा चुना 1 किलो. द्रावणात लोखंडी सुरी बुडवल्यावर तांबूस थर चढला की चुना कमी पडला, हे घराघरात माहीत आहे. जे सुरीला होतं तेच ब्लोअरच्या नट-बोल्टला, क्लॅम्पला आणि ट्रॅक्टरच्या मागच्या भागाला हळूहळू होत राहतं. बोर्डो तयार केला त्याच दिवशी संपवा, उरला तर दुसऱ्या दिवशी मारू नका.

तणनाशक

इथं मी कुणालाच सूट देत नाही. गव्हात, मक्यात, उसात 2,4-डी मारलेला पंप द्राक्षबागेत आणू नका. द्राक्षवेल या औषधाला इतकी हळवी आहे की पाइपात राहिलेला अंशही पुरतो. शेंडे पिळवटतात, पानं पंख्यासारखी अरुंद होतात, शिरा जवळजवळ येतात. लोक याला विषाणू समजून पुन्हा दुकान गाठतात.

तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, त्यावर लाल रंगानं लिहा. नाइलाजानं तोच पंप वापरायचा झाला तर तीनदा धुऊन, मग 100 लीटर पाण्याला 1 लीटर घरगुती अमोनिया घालून पाइप आणि नोझलसकट भरून रात्रभर ठेवा, सकाळी काढून पुन्हा दोनदा साध्या पाण्यानं धुवा. अमोनियात ब्लीचिंग पावडर मिसळू नका, विषारी वायू सुटतो. एवढं करूनही नव्या फुटीवर तो पंप मी स्वतः चालवणार नाही. रबरी पाइप औषध धरून ठेवतो. भाड्याचा ब्लोअर आणताना मालकाला सरळ विचारा, याआधी यात काय मारलं होतं. उत्तर टाळलं तर परत पाठवा.

निर्यातीचा माल असेल तर टाकीतला कालचा अंश आणखी महागात पडतो. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात आपले कंटेनर अडकले, तेव्हा अख्ख्या जिल्ह्यानं त्याची झळ सोसली. ते प्रकरण न धुतलेल्या टाकीचं नव्हतं, पण अंश किती बारीक मोजला जातो ते त्यातून सगळ्यांना कळलं.

आता ट्रॅक्टर

पूर्ण ट्रॅक्टर साबण लावून महिन्यातून एकदा धुतला तरी पुष्कळ झालं. दर आठवड्याला वॉशिंग सेंटरवर नेण्याची गरज नाही. ग्रीस धुऊन जाण्यापलीकडे त्यातून फार काही पदरात पडत नाही. याला दोन अपवाद. इगतपुरी, त्र्यंबककडे भाताचा चिखल केला असेल तर त्याच दिवशी धुवा, नाहीतर पुढच्या हबच्या सीलमध्ये चिखल वाळून सील कापलं जातं. आणि सटाणा, देवळा, मालेगाव भागात डाळिंबाच्या मर रोग लागलेल्या बागेतून रोटर (माती भुसभुशीत करणारं अवजार) चालवून आला असाल तर दुसऱ्या बागेत शिरण्याआधी टायर आणि रोटरची माती बांधावरच खरवडून धुऊन काढा. मर आणि सूत्रकृमी मातीबरोबर प्रवास करतात.

रेडिएटरचं मात्र रोज बघा. फवारणीत ट्रॅक्टर औषधाच्या धुक्यातूनच चालतो. गंधकाची भुकटी, धूळ, गवताचं बी रेडिएटरच्या पात्यांमध्ये बसतं, त्यावर दव पडलं की लगदा होतो. काटा लाल पट्ट्याकडे सरकायला लागतो, ड्रायव्हर थांबून थांबून चालवतो आणि चार तासांची फवारणी दिवसभर पुरते. पाऊस उघडलेल्या दिवशी ट्रॅक्टर तापला तर डाऊनी थांबत नाही. इंजिन थंड झाल्यावर बॉनेट उघडा, समोरची जाळी काढून झटका, मग पंख्याच्या बाजूनं बाहेरच्या दिशेनं हवा किंवा हलक्या दाबाचं पाणी मारा. समोरून मारलं तर कचरा आणखी आत जातो. प्रेशर जवळून मारलं तर पाती वाकून बसतात, मग धुतलेलाही रेडिएटर तापतोच.

धुताना एवढं पाळा:

– गरम इंजिनावर पाणी नको
– सायलेन्सरच्या तोंडावर डबा
– सेल्फ, अल्टरनेटर, बॅटरी, मीटर, वायरिंगवर प्रेशर नको
– गिअरबॉक्सचा ब्रीदर (हवेचं भोक), एअर क्लीनरचं तोंड झाकून
– धुतल्यावर सगळ्या निपलना ग्रीस
– पीटीओ शाफ्टच्या (ब्लोअर फिरवणाऱ्या दांड्याच्या) जॉइंटला ग्रीस, गार्ड जागेवर
– पंधरा मिनिटं चालवून वाळवा

वॉशिंगवाला शेवटी खालून डिझेल मारून चकचकीत करून देतो. ते थांबवा. रबरी बुश, सील, पाइप डिझेलनं फुगतात आणि त्यावर धूळ दुप्पट बसते. दुकानात "टँक क्लीनर" म्हणून छोट्या बाटल्या मिळतात, ट्रॅक्टरच्या कोटिंगची पॅकेज सांगतात. त्यांच्यावाचून काही अडत नाही. स्वच्छ पाणी तीनदा आणि टूथब्रश, त्यानंतरही थर निघाला नाही तरच धुण्याचा सोडा. ते पैसे नव्या नोझलच्या सेटला घाला.

या पंधरवड्यातली नेहमीची कामं

– छाटणीनंतर काड्या, ओलांडे (वेलीचे आडवे मुख्य फाटे) यांवर बोर्डो 1 टक्का
– छाटलेल्या काड्या, जुनी पानं बागेबाहेर
– हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग (डोळे फुटावेत म्हणून काडीला लावणं) करताना मोजे, पूर्ण अंग झाकून. मजुरांना आधी आणि नंतरही दारू पूर्ण वर्ज्य
– भुरीसाठी (पांढऱ्या भुकटीसारखी दिसणारी बुरशी) गंधक 80 टक्के, लीटरला 2 ग्रॅम, भर उन्हात नको
– पाणी साचणाऱ्या ओळींना चर
– दाट फूट विरळ

धुण्याचं पाणी विहिरीच्या, शेततळ्याच्या काठावर, ओढ्यात किंवा गुरांच्या हौदाजवळ सोडू नका. कीटकनाशक नियम 1971 मधला 44 वा नियम यासाठीच आहे. बांधावर, विहिरीपासून लांब, गवताच्या पट्ट्यात जागा ठरवून घ्या आणि ती थोड्या-थोड्या दिवसांनी बदला.

आज संध्याकाळी ढग असतील, वाऱ्यात गारवा असेल, तर ब्लोअर धुऊन टाकी साध्या पाण्यानं भरून ठेवा. औषध रात्री कालवू नका. पहाटे वेलीच्या तारेवरून हात फिरवून बघा. तार ओली लागली तर आधी टाकीत साधं पाणी असतानाच नोझल बंद ठेवून ब्लोअरची हवा मारत एक फेरी काढा, म्हणजे पानांवरचं पाणी झडेल. पंप कोरडा चालवू नका. पान सुकलं की औषध टाकीत घाला आणि निघा.