इसब की गजकर्ण? ट्यूब उघडण्याआधी बघा

खाज सुटली की घरातली जुनी ट्यूब शोधू नका, आधी चट्टा उजेडात नीट बघा. कडा उंच, लालसर आणि मधली त्वचा बरीचशी साफ, असं कडं दिसलं तर ते बहुधा गजकर्ण, म्हणजे बुरशी. त्यावर स्टेरॉइडचं मलम लावलं की चार दिवस बरं वाटतं आणि मग ते जोमाने पसरतं.

इसब मात्र बऱ्याचदा जागेवरून ओळखू येतो. कोपराच्या किंवा गुडघ्याच्या खळगीत असेल तर बहुधा अ‍ॅटोपिक, म्हणजे अंगातच अ‍ॅलर्जीची प्रवृत्ती असलेल्यांचा. टिकलीखाली, खोट्या कानातल्यांपाशी असेल तर बहुधा टिकलीच्या गोंदाची, कानातल्यांतल्या निकेल धातूची अ‍ॅलर्जी. रोज लसूण सोलणाऱ्या बोटांची टोकं भेगाळतात, तेही त्यातलंच! ती वस्तू आधी बंद करा. आंघोळ कोमट पाण्याने, आणि अंग ओलसर असतानाच व्हॅसलीन चोपडा. पिवळी खपली किंवा पू दिसला तर थेट डॉक्टर.