जलदुर्ग पाहायला जाताना: आधी तिथी, मग तारीख

कोकण किनाऱ्यावरील किल्ले पाहण्यासंबंधी जो सल्ला सर्रास दिला जातो, तो ‘लवकर निघा, टोपी घाला, पाणी बरोबर ठेवा’ एवढ्यावरच संपतो. टोपीचे आणि पाण्याचे ज्याचे त्याला कळते. कळत नाही ती भरती-ओहोटी, आणि जलदुर्गाची सहल फसते ती बहुतेक वेळा तिच्यापायीच.

प्रथम आपला किल्ला कोणत्या प्रकारचा आहे ते ठरवावे. विजयदुर्ग, रेवदंडा, कोर्लई आणि वसई येथे जमिनीवरून जाता येते. तेथे समुद्राची विचारपूस करण्याचे कारण नाही. मुरूडचा जंजिरा, हर्णैचा सुवर्णदुर्ग आणि मालवणचा सिंधुदुर्ग यांना होडीवाचून गत्यंतर नाही, आणि पावसाळ्यात त्या होड्या बंद असतात. अलिबागचा कुलाबा मात्र या दोहोंच्या मधला: भरतीला तो बेट असतो आणि ओहोटीला पायी गाठता येतो. खरी मेख येथेच आहे.

कुलाब्याला जाण्याचा दिवस सुट्टी पाहून ठरवू नये, तिथी पाहून ठरवावा. किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते आणि तीत सहा तास मिळवले की ओहोटीची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती, आणि सकाळी व रात्री नऊच्या सुमारास ओहोटी. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशोब तोच. यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, म्हणून तो दिवस निवडण्यापुरता वापरावा. प्रत्यक्ष वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावरूनच घ्यावी.

हा हिशोब शिकल्यावर माणूस जी चूक हमखास करतो, ती मीही केली. आठाची पाऊणपट सहा, त्यात सहा मिळवले की बारा. तेव्हा अष्टमीला ऐन दुपारी ओहोटी, आरामात जेवणाच्या वेळेपर्यंत परत, असा विचार करून मी सकाळी अकरालाच किनाऱ्यावर उभा राहिलो. साडेअकरा झाले, बारा वाजून गेले, पण पाणी मांडीच्या खाली उतरेना. जाळे आवरत बसलेला एक म्हातारा कोळी म्हणाला, ‘आज भांग हाय, पानी सुकायचं नाय.’ त्याचे न ऐकता मी पाण्यात शिरलो. कसाबसा पोहोचलो, पण परत येताना पाणी कमरेच्या वर चढले होते, पायाखालची वाळू सरकत होती आणि एका लाटेने पाठीवरची पिशवी कॅमेऱ्यासकट भिजवली. नशिबाने एवढ्यावरच निभावले.

त्या कोळ्याच्या ‘भांग’ या एका शब्दात सारे येते. अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य व चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाण असते: पाणी खूप चढते आणि तितकेच खोल उतरते. अष्टमीच्या आसपास या दोन ओढी एकमेकींना काटकोनात असतात, म्हणून पाणी धड चढतही नाही आणि धड उतरतही नाही, तो भांग. ओहोटीची वेळ दोन्ही दिवशी असतेच, परंतु भांगाच्या दिवशी ती नावापुरती असते. उधाणाचा जोर अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी सर्वाधिक असतो, म्हणून द्वितीया, तृतीया आणि चतुर्थी हे पायी जाण्याचे उत्तम दिवस. ओहोटी साधारण साडेसात ते नऊच्या दरम्यान येते आणि ऊनही चढलेले नसते. द्वादशी-त्रयोदशीलाही जमते, पण ओहोटी दुपारी तीन-पावणेचारला येते आणि थोडा उशीर झाला की परतीची वाट अंधारात शोधावी लागते. सप्तमी ते दशमी या दिवसांत पायी जाऊ नये, असे मी स्पष्टच सांगतो.

तक्ता पाहतानाही लोक केवळ वेळ वाचतात आणि तिच्या शेजारचा मीटरमधला आकडा सोडून देतात. महत्त्वाचा आकडा तोच. मुंबईच्या तक्त्यात उधाणाची ओहोटी अर्ध्या मीटरच्या आसपास दिसते, तर भांगाची दीड मीटरच्याही वर राहते. हा आकडा एक मीटरपेक्षा जास्त असेल तर मी कुलाब्याला पायी जात नाही. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, हेही तेथेच कळते. तक्ता मात्र जवळच्या बंदराचाच घ्यावा. मालवणला मुंबईच्या वेळा लागू पडत नाहीत.

दुसरा धोका पाणी परतण्याच्या वेगाचा. ते एकसारखे चढत नाही. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत पहिल्या तासाला एकूण चढीचा बारावा हिस्सा, दुसऱ्या तासाला दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्या तासाला तीन-तीन हिस्से पाणी चढते, असा ढोबळ नियम आहे. चढ चार मीटरांची असेल तर पहिल्या तासात जेमतेम फूटभर पाणी वाढते आणि तिसऱ्या तासात मीटरभर. पहिल्या तासाकडे पाहून ‘अजून पुष्कळ वेळ आहे’ असे वाटते, ते या कारणाने. म्हणून ओहोटीच्या दीड तास आधी, पाणी गुडघ्याखाली आले की निघावे आणि ओहोटी उलटल्यावर तासाभरात किनाऱ्याला लागावे. पायांत पट्ट्यांच्या सपाता असाव्यात. खडकांना चिकटलेली कालवे अनवाणी पाय चिरतात.

होडीने जाणे सोपे आहे: नावाडी सांगेल तेथे बसावे, आणि उतरताना शेवाळलेल्या पायरीवर उडी मारू नये. जंजिऱ्याचा दरवाजा होडी अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, तेव्हा त्या वेळी मोबाइल खाली ठेवून तटाकडे पाहावे. परतीची वेळ नावाड्याकडून आधीच ठरवून घ्यावी आणि मिळालेला वेळ तट, दरवाजा व पाणी यांसाठी ठेवावा. गोड्या पाण्याची सोय असल्यामुळेच हे किल्ले वेढ्यात तगले. सिंधुदुर्गावरील दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव ही गोड्या पाण्याची ठिकाणे तेवढ्यासाठीच पाहावीत. प्रत्येक किल्ल्यावर कोणीतरी समुद्राखालून पलीकडे निघणाऱ्या भुयाराची गोष्ट सांगतोच. तिच्यात वेळ दवडू नये.

तट पाहताना हाताने चाचपून पाहावा. कुलाब्याच्या तटात मोठे चिरे चुन्याशिवाय नुसते एकमेकांवर रचलेले आहेत, त्यामुळे लाटेचे पाणी फटींत शिरते आणि तिचा मार विरतो. मुरूडसमोरच्या पद्मदुर्गावर नेमके याच्या उलट दिसते: खाऱ्या वाऱ्याने चिरे झिजून आत गेले आहेत, पण त्यांच्या सांध्यांतला चुना तसाच राहिल्याने भिंतीवर जाळी उठून दिसते. या किल्ल्याला नेणारी होडी स्वतंत्रपणे ठरवावी लागते, तरीही ती जाळी पाहण्यासाठी मी दोनदा गेलो आहे.

कुलाब्यावर परतीची वेळ टळलीच, तर पाण्यात उतरू नये. आत सिद्धिविनायकाचे मंदिर आहे, पुष्करणी आहे, सावली आहे. पायवाट पुन्हा मोकळी व्हायला नऊ-साडेनऊ तास लागतात, पण भरती चढली की अलिबागहून होड्या येतात. तोवर दरवाज्यात बसून राहावे.