भिंतीवर टकटक झाली, तर उत्तर द्या

परदेशात नव्या इमारतीत राहायला आलात की पहिले काही आठवडे घराचा करार, बँक, सिमकार्ड यांतच निघून जातात. कामांच्या यादीत शेजाऱ्याचं नाव कुठेच नसतं. ते वर घ्या, असं माझं मनापासून सांगणं आहे. किल्ली आत राहिली आणि दार ओढलं गेलं, की सगळ्यात आधी उपयोगी पडतो तो समोरच्या दारामागचा माणूस.

ओळख करायची कशी, हा खरा प्रश्न. मुद्दाम जाऊन बेल वाजवायला आपल्याला संकोच वाटतो. माझी पहिली ओळख तर भिंतीतून झाली. तसबीर लावायची होती म्हणून भिंत कुठे पोकळ लागते ते बोटाने वाजवून बघत होतो. टक, टक-टक. पलीकडून आलं, टक, टक-टक! मी तीनदा वाजवलं, तिकडूनही तीनदा. मग मी जरा अवघड ठेका धरला. क्षणभर शांतता, आणि तोही जसाच्या तसा परत आला. शेजारी लहान मूल असणार, अशी माझी खात्रीच झाली. पुढे लिफ्टमध्ये सत्तरीच्या एक आजी भेटल्या. हातात पिशवी, चेहरा अगदी गंभीर. दार बंद झालं तसं त्यांनी बोटाने पत्र्यावर हळूच वाजवलं, टक, टक-टक, आणि माझ्याकडे न बघता मजल्यांच्या आकड्यांकडे बघत राहिल्या. मी दांड्यावर उत्तर दिलं. मग दोघांनाही हसू आवरेना. मला तिथली भाषा धड येत नव्हती, पण त्या दिवसापासून आमचं बोलणं सुरू झालं.

म्हणून सांगतो, कोणी अशी गंमत केली तर गांगरून गप्प बसू नका, लगेच साथ द्या. आपण होऊन मात्र कोणाची भिंत वाजवू नका. जिन्यात भेटल्यावर त्यांच्या भाषेत नमस्कार आणि आपलं नाव, एवढी सुरुवात पुष्कळ झाली. काही जण त्यापुढे कधीच येणार नाहीत. ते मनाला लावून घेऊ नका.

आवाजाकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण संबंध बिघडतात ते बहुतेक तिथेच. चालण्याचा, खुर्ची ओढण्याचा धक्का थेट स्लॅबमध्ये उतरतो आणि खालच्या घरात घुमतो. जाड गालिचा आणि खुर्चीच्या पायांना फेल्टच्या चकत्या लावल्या की तो बराच कमी होतो. बोलण्याचा आवाज हवेतून जातो, त्यावर खालच्या गालिच्याचा फारसा उपयोग नाही. स्पीकरमधला बेस तर भिंती सहज पार करतो, म्हणून स्पीकर सामाईक भिंतीला टेकवून ठेवू नका. शांततेच्या वेळा बहुतेक इमारतींच्या नियमांत लिहिलेल्या असतात. पाहुणे येणार असतील तर आदल्या दिवशीच शेजाऱ्यांच्या कानावर घाला.

पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे, ते पहिल्याच दिवशी शोधून ठेवा. तुमच्याकडची गळती आधी खालच्यांच्या छतावर दिसते. गावाला जाताना कॉक बंद करा, आणि ज्या शेजाऱ्याशी ओळख जमली असेल त्याला तुमचा फोन नंबर व परतीची तारीख देऊन जा.