फाउंड्रीत माणूस चूक आपणहून सांगायला लागावा, तर सुपरवायझरनं काय करावं

सुपरवायझरवर माणसांचा विश्वास किती, हे वाईट बातमी त्याच्यापर्यंत किती लवकर पोहोचते यावरून कळतं. कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एखाद्या फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, वाळूचे साचे करणाऱ्या मोल्डरच्या मुठीला वाळू ओली लागली. तिथंच बोलला, तर वाळूची एक बॅच थांबते. गप्प राहिला, तर मेटल ओतल्यावर ओलाव्याची वाफ होते, कास्टिंगमध्ये (ओतीव नगात) ब्लोहोल, म्हणजे वाफेची पोकळ भोकं, पडतात आणि बरेचदा ते मशीन शॉपमध्ये पहिला कट घेतल्यावर दिसतात. तोवर वीज, फेटलिंग (नगाची घासून साफसफाई), मशीनिंग, गाडीभाडं सगळं बुडालेलं असतं.

तो गप्प बसतो, कारण मागच्या खेपेला जो बोलला त्याच्याच नावावर रिजेक्शन (बाद झालेले नग) चढलं होतं.

म्हणून "साहेब, वाळू ओली वाटतीया" असं कुणी म्हणालं की "कुणी केलं?" हा प्रश्न तोंडातून येता कामा नये. "चला मामा, बघू" म्हणा आणि खरंच जाऊन मूठभर वाळू दाबा. बोटांचे ठसे नीट उठावेत, गोळा स्वच्छ तुटावा, हाताला चिकटू नये. शंका खोटी निघाली तरी वैतागू नका. खरी निघाली, तर काय केलं ते त्याच शिफ्टमध्ये त्याला सांगा. "मिक्सरचं पाणी कमी केलं" एवढं पुरे. दोनदा उत्तर न मिळालेला माणूस तिसऱ्यांदा येत नाही.

रिजेक्शनच्या फळ्यावर नाव लिहू नका. पार्ट नंबर, हीट नंबर (मेटल कुठल्या वितळणीचं त्याचा नंबर), दोष, बस्स. मेटल थंड झालेलं असताना तुम्हीच ओतायला लावलं आणि कोल्ड शट (मेटल नीट न जुळल्यानं राहिलेल्या फटी) आले, तर ते मात्र स्वतःच्या नावानं लिहा.

पैशाचं थोडक्यात: पगार 7 तारखेच्या आत, ओव्हरटाइम दुप्पट दरानं, आणि तास रोजच्या रोज लिहिलेले. पीएफ कापून पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरला नाही, तर ते माणसाला मोबाइलवरच्या पासबुकात दिसतं. मग मिसळ पार्टी देऊन उपयोग नाही. गणपतीला उचल मागितली, तर तारीख सांगा किंवा त्याच दिवशी नाही म्हणा. "बघतो" म्हणून लोंबकळत ठेवणं नकारापेक्षा वाईट.

एक गोष्ट मालकांना आधीच सांगून ठेवा: सुरुवातीचे काही आठवडे फळ्यावरचं रिजेक्शन वाढलेलं दिसेल. आधी भंगाराच्या ढिगात गुपचूप जाणारे नग आता मोजले जात असतात.