टायमिंग चेनचा खडखडाट: या चुका टाळा

सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुनी गाडी चालू केली की दोन-तीन सेकंद इंजिनातून खडखड ऐकू येते आणि मग सगळं शांत. ‘थंड इंजिन आहे, होतं असं’ म्हणत आपण निघतो. सगळ्यात महागात पडते ती हीच चूक.

ही खडखड टायमिंग चेनची असू शकते, म्हणजे इंजिनातल्या क्रँक आणि कॅम या दोन शाफ्टना एकत्र फिरवणाऱ्या साखळीची. तिला ताणून धरणारा टेन्शनर बऱ्याच गाड्यांत ऑइलच्या दाबावर चालतो. रात्रभरात त्यातलं ऑइल उतरलं, तर दाब येईपर्यंत चेन सैल राहते आणि गाइडवर, म्हणजे तिला वाट देणाऱ्या पट्टीवर, आपटते. झीज फार वाढली की चेन स्प्रॉकेटचा, म्हणजे तिच्या दातेरी चाकाचा, दात सोडते. मग अनेक इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात. इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेडच, उतरवावं लागतं.

माझी चूक वेगळी होती. गाडी चालवत गॅरेजला नेली. गरम इंजिनात आवाज कुठून येणार? टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करून मिळाले, खडखड तशीच. शेवटी गाडी रात्रभर गॅरेजवरच ठेवली आणि सकाळी मेकॅनिकने बोनेट उघडून स्टार्टर मारला. त्याला तेवढंच पुरलं. खोललेला टेन्शनर त्याने माझ्या हातात दिला. आत ऑइल असूनही प्लंजर, म्हणजे चेनला रेटणारा दांडा, अंगठ्याने सहज दबत होता. प्लास्टिकच्या गाइडवर तर नख रुतेल एवढी चर पडली होती.

मुंबईत नुसत्या किलोमीटरवर जाऊ नका. सायनच्या ट्रॅफिकमध्ये मीटर जेमतेम हलतो, इंजिन मात्र तासभर फिरत असतं. ऑइल महिन्यांच्या हिशोबाने बदला. मॅन्युअलमध्ये खडतर वापरासाठी कमी मुदत दिली असेल तर तीच धरा. आवाज दाबायला जाड ऑइल तर मुळीच टाकू नका, थंडीत ते टेन्शनरपर्यंत पोचायला आणखी वेळ घेतं.

स्कॅनरवर पी००१६ कोड आला, तर तो नुसता पुसून किंवा सेन्सर बदलून गप्प बसू नका. क्रँक आणि कॅमचा मेळ चुकल्याची ती खूण आहे, ताणलेली चेनही कारण असू शकते. चेन ताणली असेल तर एकटा टेन्शनर बदलून भागत नाही. चेन, गाइड, टेन्शनर एकदमच घ्या, स्प्रॉकेटचे दातही तपासा.

जोडणी झाल्यावर स्टार्टर मारण्याआधी क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून स्प्रॉकेटच्या खुणा जुळवायला सांगा. नव्या टेन्शनरला प्लंजर दाबून धरणारी लॉक पिन असेल, तर ती काढल्याचं कव्हर बसायच्या आधी स्वतः बघा.