बझरवरचा हात आधी मागे घ्यायला शिकवा

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. तालुक्याची विज्ञान-गणित प्रश्नमंजुषा, शेवटची फेरी, आम्ही पाच गुणांनी पुढे. सरांनी प्रश्न सुरू केला, "रामन परिणामाचा शोध लागला..." आणि आमच्या पोराने बझर दाबून ठणकावलं, "१९२८!" प्रश्नाचा उरलेला भाग होता, "...त्याबद्दल रामन यांना नोबेल कोणत्या वर्षी मिळालं?" १९३० हे उत्तर त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आलं असतं. चुकीला गुण वजा होते. करंडक दुसऱ्या शाळेत गेला.

आमच्या जुन्नर तालुक्यात मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. त्या दिवसानंतर तयारीची माझी पद्धत उलटी झाली. पूर्वी मी पाठांतराचे गठ्ठे वाटायचे, आता ऐकण्यापासून सुरुवात करते. बझर नसेल तर सायकलची घंटी चालते. प्रश्न अर्ध्यावर थांबवायचा आणि विचारायचं, "आता हा प्रश्न कुठे कुठे वळू शकतो?" 'सूर्याला सर्वांत जवळचा ग्रह' इथे बुध. पण 'सर्वांत उष्ण ग्रह' म्हटलं की शुक्र. '६० किलो वस्तुमानाचा माणूस चंद्रावर गेला तर त्याचं वस्तुमान किती?' याला मुलं हमखास दहा म्हणतात, कारण कानाने वस्तुमान ऐकलं तरी डोक्याने वजन ऐकलेलं असतं. महाबळेश्वरला पाणी शंभर अंशांना उकळतं का, हाही माझा आवडता प्रश्न. तिथे हवेचा दाब कमी, म्हणून ते साधारण ९५-९६ अंशांनाच उकळतं.

आणि प्रश्न रोज तुम्हीच वाचू नका. मुलांचा कान बाईंच्या आवाजाला सरावतो. आमचे शिपाईमामा दर शुक्रवारी प्रश्न वाचतात, अडखळत, चुकीच्या जागी थांबत. स्पर्धेतला माईक त्याहून वाईट असतो.

संघात पहिले तीन नंबर घेऊ नका. मला एक हिशेबात चपळ मूल लागतं, एक अवांतर वाचणारं आणि एक शांत. शांत मुलाकडे बझर. पाठ चालू असताना "बाई, पण असं का?" म्हणून तास लांबवणारी मुलगी बहुधा वाचणारीच निघते. तिच्यावर वैतागू नका.

दिवाळीची सुट्टी संपली की आम्ही बसतो, शाळा सुटल्यावर वीस मिनिटं. त्याहून जास्त नाही, एसटी चुकते. सुरुवात बालभारतीच्या पुस्तकापासूनच, पण धड्यातल्या चौकटींपासून: 'माहीत आहे का तुम्हांला?', 'परिचय शास्त्रज्ञांचा'. परीक्षेत विचारत नाहीत म्हणून वर्गात त्या आपण सोडून देतो, आणि स्पर्धेचे प्रश्न काढणारे शिक्षक नेमके तिथेच बोट ठेवतात. प्रत्येक मुलाने रोज तीन प्रश्न स्वतः तयार करायचे आणि दुसऱ्याला अडवायचं. उत्तर पाठ असलेलं मूल विसरतं, प्रश्न तयार केलेलं सहसा विसरत नाही.

प्रश्न घराजवळचेही काढून घ्या. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आमची पोरं लहानपणापासून बघतात, पण किती विचारलं की गप्प. तीस, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. चौदा मध्यभागी, सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर. एवढ्या लांब का पसरल्या, हा त्यापुढचा प्रश्न मी मुलांनाच शोधायला लावते.

सेमी इंग्रजीच्या मुलांची एक अडचण वेगळीच. रिफ्रॅक्शन त्यांना पाठ असतं, प्रश्नात 'अपवर्तन' आलं की चेहरा कोरा. परावर्तन, अपस्करण, संप्लवन, त्वरण, संवेग, संयुजा... अशा पन्नासेक शब्दांची दोन रकान्यांची यादी वर्गाच्या दाराला चिकटवा, येता-जाता वाचली जाते. आकड्यांचंही तेच. 'एकोणनव्वद' ऐकून दोन मुलांनी ९९ लिहिल्याचं मी पाहिलंय. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद, आणि मग एकदम नव्याण्णव. ती यांच्या रांगेत बसत नाही, म्हणून वेगळी घोटून घ्या.

गणिताच्या फेरीत वेळ दहा-पंधरा सेकंदांचा. इथे आजोबांच्या पिढीचे पावकी, निमकी, दिडकीचे पाढे खरंच कामाला येतात. ते नसतील तर निदान तीसपर्यंतचे पाढे हवेतच. थोड्या युक्त्या पुरतात. ६५ चा वर्ग: सहा गुणिले सात बेचाळीस, पुढे २५, म्हणजे ४२२५. ७८ गुणिले ११: सात आणि आठची बेरीज पंधरा, मध्ये पाच ठेवून हातचा सातात मिळवायचा, ८५८. २५ ने गुणायचं तर चारने भागून शंभरपट. पण युक्ती का चालते हे फळ्यावर एकदा मांडून दाखवा, नाहीतर स्टेजवर गोंधळ उडतो. आणि १ ही मूळ संख्या नाही, हे दर आठवड्याला विचारत राहा.

कंटाळा आला की कापरेकर. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या या गुरुजींचा ६१७४ मुलांना वेड लावतो. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५, म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आणि ६१७४ हजर. जास्तीत जास्त सात वेळा. वजाबाकीचा सराव होतो आणि कुणी कुरकुरतही नाही.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी नवं काही नाही. फक्त नियम वाचून घ्या: चुकीला गुण वजा आहेत का, पास झालेल्या प्रश्नाला किती, उत्तर कोणी द्यायचं. एकक सांगितलं नाही म्हणून अर्धे गुण कापणारे परीक्षक मी पाहिलेत, तेव्हा 'पाच' नाही, 'पाच न्यूटन'.

परतीच्या एसटीत मात्र मी कुणाला झोपू देत नाही. प्रत्येक फेरीतले आठवतील ते सगळे प्रश्न, इतर संघांना आलेलेही, तिथेच वहीत उतरवून घेतो. खड्ड्यांमुळे अक्षर वाचवत नाही, पण पुढच्या वर्षीची पोरं ते लावून लावून वाचतात. पहिल्या पानावर रामन आहेत.