हर्णै बंदरात फोटो काढायला जाताय? या चुका टाळा

दापोलीला आलेला जवळजवळ प्रत्येक जण संध्याकाळी हर्णैचा मासळी लिलाव बघायला जातो आणि एकच फोटो घेऊन परततो. मागे मावळता सूर्य, पुढे काळ्याठिक्कर होड्या. अहो, किनारा पश्चिमेचा आहे, संध्याकाळचं ऊन होड्यांच्या मागूनच येणार. होड्यांचे लाल-निळे रंग हवे असतील तर सकाळी जा. सूर्य तुमच्या पाठीशी असतो, समोर समुद्रातल्या सुवर्णदुर्ग किल्ल्याचा तटही उजळलेला दिसतो. पण सुट्टीत पहाटे उठायला सांगितलं की लोकांचे चेहरे पडतात.

त्याहून मोठी चूक म्हणजे भरती-ओहोटी न बघता निघणं. ॲपही लागत नाही, कोकणातला जुना हिशोब पुरतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळीही. पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराला, म्हणजे संध्याकाळी ऐन लिलावाच्या वेळी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, तीही उधाणाची. पाणी पार मागे गेलेलं असतं. तरी हौशी मंडळी ‘चंद्र मिळेल’ म्हणून मुद्दाम पौर्णिमाच धरतात आणि मग चिखलात उभं राहून लांबच्या होड्यांवर मोबाइलचा झूम ताणत बसतात. मी अष्टमी-नवमी बघून जातो, पक्ष कुठलाही असो.

आता एसीचं. एकदा आमच्याबरोबर एक उत्साही तरुण होता. रात्रभर खोली गारेगार करून झोपला आणि पहाटे वाळूत पाय ठेवताच बॅगेतून कॅमेरा काढला. दमट हवा लागताच लेन्स धुकटली. धीर कुठला! शर्टाच्या टोकाने पुसली, पुन्हा धुकटली, पुन्हा पुसली. शर्टाला वाळू होतीच, फिल्टरवर चरे पडले. मग ‘आतून पुसतो’ म्हणून लेन्सच काढली, तेव्हा सेन्सरवरही दव धरलं. तोवर कोवळं ऊन संपलं होतं आणि माशांच्या टोपल्या रस्त्याला लागल्या होत्या. मी कॅमेरा एसीच्या खोलीत ठेवतच नाही. ठेवावाच लागला तर बंद बॅगेतच बाहेर आणा, अर्धा तास चेनला हात लावू नका. तेवढ्यात चहा होतो.

खोलीवर आल्यावर आधी ब्लोअरने वाळू उडवा, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने कॅमेऱ्याची बॉडी आणि ट्रायपॉडचे पाय पुसा. ‘उद्या पुसू’ म्हणणाऱ्यांचे ट्रायपॉड मीठ खातं.

नांगरलेली होडीही डुलत असते, शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या खाली नेऊ नका. पोलरायझर, म्हणजे चमक कमी करणारा फिल्टर, वाइड लेन्सवर लावलात तर आकाश अर्धं गडद, अर्धं फिकं येतं. क्षितिज तिरकं आलं तर घरी सरळ करता येतं, पण करताना डोलकाठीचा शेंडा कापला जातो. त्यापेक्षा तिथेच बघा.

लिलावात टोपली घेऊन येणाऱ्या बाईच्या वाटेत उभं राहू नका. ती तुमच्या फ्रेमसाठी थांबणार नाही, थांबूही नये. जवळून फोटो हवा असेल तर आधी विचारा, नाही म्हणाली तर पुढे व्हा.

आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या असतात. तरी जुलैत छत्री सांभाळत ‘लिलाव किती वाजता?’ विचारणारे भेटतातच.